नवजात कक्षात जुलाबाची साथ : पहिल्या पातळ शीपासून कक्ष पुन्हा उघडेपर्यंत

नवजात कक्षात जुलाबाची साथ गाजावाजा करत येत नाही. सकाळच्या पाळीत एका बाळाची शी जरा पातळ असते, सिस्टर नोंद करतात, डॉक्टर विचारतात, "वरचं दूध सुरू केलंय का?" रात्री पलीकडच्या कोपऱ्यातलं बाळ दूध घेईनासं होतं. तिसऱ्याचं वजन उतरतं, पण ते फोटोथेरपीखाली, म्हणजे काविळीसाठीच्या निळ्या दिव्याखाली असतं आणि फोटोथेरपीत शी पातळ होते हे सगळ्यांना माहीत असतं. तिन्ही कारणं पटण्यासारखी असतात. पण ती तीन पाळ्यांत, तीन केसपेपरवर लिहिलेली असल्यामुळे एकत्र कुणाच्याच नजरेखालून जात नाहीत. चौथं बाळ गार पडलं की मग धावाधाव.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्यायची : एका बाळाला जुलाब झाले की त्या बाळाबरोबरच सगळी खोली तपासायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. हा लेख नवजात कक्षातल्या सिस्टर, निवासी डॉक्टर आणि लहान प्रसूतिगृह चालवणाऱ्यांसाठी आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते बाळाचं वजन आणि वय बघून बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे.

हे जुलाबच आहेत का?

अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा शी करू शकतं, आणि प्रत्येक वेळी दूध पिता पिता. पिवळी, सैलसर, बारीक कण असलेली ही शी निरोगी असते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास काळी शी जाऊन हिरवट-पिवळी येऊ लागते, तीही पातळच. त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. त्या बाळाची कालची शी कशी होती आणि आज काय बदललं, हे बघा.

जुलाबात डायपरवर शीचा थोडासा डाग मधोमध राहतो आणि भोवती पाण्याचं मोठं कडं पसरतं. ते कडं लघवीचं समजून सोडून दिलं जातं. शंका असेल तर कोरं डायपर वजन करून ठेवा आणि भरलेलं पुन्हा वजन करा; वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. लघवी आणि शी वेगळी करता येणार नाही, पण अंगातून किती पाणी गेलं ते कळतं.

शीत रक्त दिसलं तरी लगेच जंतूंवर खापर फोडू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाने प्रसूतीच्या वेळी गिळलेलं आईचं रक्त शीतून येऊ शकतं; ते ॲप्ट टेस्टने ओळखता येतं. गुदद्वाराची बारीक चीर किंवा गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी हीही कारणं असतात. मात्र रक्ताबरोबर पोट फुगलेलं असेल, हिरवी उलटी होत असेल, तर हा जुलाबाचा साधा प्रश्न राहिलेला नाही. आतड्याला सूज येऊन ते कुजण्याचा आजार, ज्याला कक्षात सगळे ‘एनईसी’ म्हणतात, तो डोक्यात धरून दूध थांबवायचं आणि सर्जनला कळवायचं. कमी दिवसांच्या बाळांमध्ये एनईसीच्या केस एकापाठोपाठ एक येऊ लागल्या, तर त्याही साथ म्हणूनच तपासा.

आता व्याख्या लिहून काढा. उदाहरणार्थ : ‘२४ तासांत नेहमीपेक्षा निदान तीन शी जास्त आणि त्या पाण्यासारख्या, किंवा रक्त-आव असलेली एकही शी.’ रुग्णालयातला संसर्ग मोजताना सहसा ४८ तासांनंतर सुरू झालेला त्रास धरतात. पण जन्मानंतर ४८ तासांच्या आत जुलाब झालेलं बाळ यादीतून वगळू नका. प्रसूतीत आईकडून जंतू घेऊन आलेलं पहिलं बाळ कदाचित तेच असेल, आणि त्याला वगळलं तर पुढची सगळी साखळी डोक्याविना राहते.

एकाच खोलीत काही दिवसांत दोन बाळं या व्याख्येत बसली, की साथ धरून कामाला लागा. शीत साल्मोनेला किंवा शिगेला हे जुलाबाचे जंतू सापडले, तर एकच बाळ पुरे.

पहिल्या तासात

लॅबचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. खाली दिलेल्यापैकी कशासाठीही रिपोर्टची वाट बघायची नाही.

१. आजारी बाळ वेगळ्या खोलीत हलवा. खोली नसेल तर कोपऱ्यात, इतरांपासून निदान एक मीटर लांब. त्याचा थर्मामीटर, स्टेथोस्कोप, डायपर, दुपटी त्याच्याजवळच राहतील. हात लावताना गाऊन आणि हातमोजे.

२. या खोलीत नवीन बाळ घेऊ नका. निरोगी जन्मलेली बाळं थेट आईजवळ. उपचार लागणारी बाळं वेगळ्या खोलीत, वेगळ्या सिस्टरच्या हाती.

३. सामाईक वजनकाटा, अंघोळीचा टब, कपडे बदलायचं टेबल आत्ताच्या आत्ता वापरातून काढा.

४. खोलीतलं कुठलंही बाळ, मग ते ठणठणीत दिसत असलं तरी, दुसऱ्या रुग्णालयात पाठवायची वेळ आली तर आधी फोन करून सांगा. साथी एका रुग्णालयातून दुसऱ्यात अशाच जातात.

५. एक माणूस प्रमुख नेमा. संसर्ग नियंत्रण समिती, लॅब आणि आरोग्य विभागाला त्यानेच कळवायचं. तीन जणांनी तीन वेगळे आकडे सांगितले की विश्वास उडतो.

बाळ सांभाळताना

मोठ्या मुलाला जुलाब झाले तर ते तहानलेलं दिसतं, डोळे खोल जातात. नवजात बाळ असं काही स्पष्ट दाखवत नाही. ते नुसतं शांत होतं. चोखायला कंटाळतं, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. टाळू खोल जाणं हे उशिरा दिसणारं लक्षण आहे.

सगळ्यात भरवशाचं वजन, पण त्यातही गोम आहे. पहिल्या आठवड्यात निरोगी बाळाचंही वजन जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतं. म्हणून जन्मवजनाशी तुलना करून भागत नाही. कालच्या वजनाशी करा. उघड्या अंगाने, त्याच काट्यावर, त्याच वेळी. आजारी बाळाचं दिवसातून दोनदा.

अंगावरचं दूध बंद करू नका. त्यातली प्रतिपिंडं आणि लॅक्टोफेरिन आतड्यात जंतूंना पाय रोवू देत नाहीत. अपवाद पोट फुगलेलं, हिरवी उलटी होणारं किंवा निपचित पडलेलं बाळ. पाणी कमी झालं असेल पण बाळ चांगलं गिळत असेल, तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात ओआरएस वाटी-चमच्याने, दुधाच्या जोडीला. बाळ सुस्त असेल तर सलाईन. त्याआधी रक्तातली साखर बघायची, आणि सोडियम, पोटॅशियम, आम्लतेची तपासणी पाठवायची. या वयात साखर आणि सोडियम दोन्ही झपाट्याने बिघडतात, आणि सोडियम घाईघाईत खाली आणणंही मेंदूला धोक्याचं असतं. जुलाब ‘थांबवणारी’ औषधं नवजाताला कधीच द्यायची नाहीत.

अँटिबायोटिकचं काय? इथे दोन टोकं बघायला मिळतात. काही ठिकाणी कुणालाच देत नाहीत, काही ठिकाणी खोलीतल्या सगळ्यांना सुरू करतात. साल्मोनेला मोठ्या मुलांमध्ये बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, पण तीन महिन्यांखालच्या बाळात तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणात शिरू शकतो. म्हणून इथे ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) घेऊन उपचार करायचे, आणि बाळ आजारी दिसत असेल तर पाठीतलं पाणीही तपासायचं. शिगेलालाही उपचार लागतात. कावीळ असलेल्या किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या नवजाताला सेफ्ट्रियाक्झोन टाळतात आणि बहुधा सेफोटॅक्सिम निवडतात, हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. निरोगी बाळांना मात्र ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक नको. त्याने चांगले जंतू मरतात, चिवट जंतूंना मोकळं रान मिळतं, आणि साल्मोनेला तर शीतून आणखी जास्त दिवस जात राहतो.

नमुना आणि लॅबशी बोलणं

अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ताजी शी घ्या. डायपर उलटं करून प्लास्टिकची बाजू आत घेतली, तर पातळ शी शोषली जात नाही आणि चमच्याने उचलता येते. दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर जंतू टिकवून ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात स्वॅब पाठवा.

खरी अडचण पुढे आहे. आतड्यात ई. कोलाय सगळ्यांच्याच असतो, त्यामुळे लॅब नेहमीच्या कल्चरमध्ये तो दिसला की ‘नॉर्मल फ्लोरा’, म्हणजे नेहमीचे निरुपद्रवी जंतू, असं लिहून मोकळी होते. पण नर्सरीतल्या जुन्या मोठ्या साथी नेमक्या ई. कोलायच्याच होत्या. १९४५ साली जॉन ब्रे यांनी लंडनजवळच्या रुग्णालयात दाखवलं की जुलाब झालेल्या जवळपास सगळ्या बाळांत एकाच जातकुळीचा ई. कोलाय आहे आणि निरोगी बाळांत तो क्वचितच सापडतो. पुढच्या काही वर्षांत ॲबर्डीनसारख्या ठिकाणी अशाच साथी झाल्या, ओ१११ आणि ओ५५ हे गट ओळखले गेले, आणि या जंतूंना एंटेरोपॅथोजेनिक ई. कोलाय, थोडक्यात ईपीईसी, हे नाव मिळालं. तो विष सोडत नाही. आतड्याच्या पेशींना घट्ट चिकटतो आणि पाणी शोषणारे बारीक तंतू झिजवतो. म्हणून जुलाब दिवसेंदिवस चालू राहतात आणि वजन भरून येत नाही.

तात्पर्य, फॉर्मवर नुसतं ‘स्टूल कल्चर’ लिहू नका. मायक्रोबायोलॉजिस्टना फोन करा : ‘नवजात कक्षात साथ आहे, साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर बघा, ई. कोलाय आला तर टाकू नका, ईपीईसीची तपासणी करा किंवा पुढे पाठवा, आणि सगळे जंतू जपून ठेवा.’ सगळ्या बाळांतला जंतू एकच आहे का, हे ठरवायला जपलेले जंतूच कामी येतात. रोटाव्हायरसचीही तपासणी करून घ्या. विषाणूची साथ दिसायला अशीच असते.

एक तपासणी मात्र मागू नका : क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. निरोगी नवजातांच्या आतड्यातही तो सर्रास मुक्कामाला असतो, त्यांना काही करत नाही, आणि पॉझिटिव्ह रिपोर्टमुळे तपास भलत्याच दिशेला जातो.

खोलीचे तीन भाग

बाळांचे तीन गट करा. पहिला, जुलाब असलेली किंवा कल्चर पॉझिटिव्ह आलेली. दुसरा, त्यांच्याबरोबर खोलीत राहिलेली पण अजून ठणठणीत. तिसरा, साथ कळल्यानंतर जन्मलेली. तिन्हींच्या खोल्या वेगळ्या, सिस्टर वेगळ्या, सामान वेगळं.

दुसऱ्या गटाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आजारी दिसणाऱ्या प्रत्येक बाळामागे काही बाळं लक्षणांशिवाय जंतू बाहेर टाकत असतात. जागेच्या टंचाईत कुणीतरी सुचवतं, "ही चांगली आहेत, तिसऱ्या खोलीत ठेवू." तिथेच घोटाळा होतो. दुसऱ्या गटातलं बाळ फक्त पहिल्या गटात किंवा घरी जाऊ शकतं.

सिस्टर वेगळ्या देणं जमत नसेल, तर निदान क्रम पाळा. आधी तिसरा गट, मग दुसरा, शेवटी पहिला. उलट फिरायचं नाही. राउंडला येणारे डॉक्टर, एक्स-रे आणि रक्त घेणारे तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी यांनाही हाच क्रम. राउंडची पलटण कमी करा.

हात

साथीचा जंतू बहुतेक वेळा हातांवर बसून फिरतो. शिगेलाचे तर दहा ते शंभर जंतूही आजार द्यायला पुरतात. डोळ्यांना हात स्वच्छच दिसतो.

कोपऱ्यात उभं राहून एक डायपर बदलताना बघा, काही न बोलता. सिस्टर हातमोजे घालतात, डायपर काढतात, पुसतात. तेवढ्यात मॉनिटर वाजतो. त्याच हातमोज्याने बटण दाबून आवाज बंद होतो. मग नवीन डायपर, इनक्युबेटरची खिडकी लावणं, चार्टला दोरीने बांधलेलं पेन. आता हातमोजे निघतात, हात धुतले जातात, आणि धुतलेल्या हातांनी पुन्हा तेच पेन उचललं जातं. हात धुतले नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. यात सिस्टरचा निष्काळजीपणा नाही; दोन हातांत बारा बाळं दिली की असंच होणार. म्हणून साथीत पहिली मागणी माणसांची करा, पोस्टरची नको.

हातमोजे डायपर काढून, बाळ पुसून झालं की लगेच उतरवायचे, हात स्वच्छ करायचे, मग नवीन डायपर आणि बाकी सगळं. शी लागली असेल तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद, हात पूर्ण वाळेपर्यंत. या जंतूंवर अल्कोहोल चांगलं चालतं. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, लांब नखं नकोत. पुसायला कागद किंवा एकदाच वापरायचा रुमाल. खुंटीला लटकणारा सामाईक टॉवेल आजच काढून टाका. आणि हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेलं दूध किंवा बाळ पुसलेलं पाणी ओतू नका.

ज्या कर्मचाऱ्याला जुलाब आहेत त्याने घरी राहायचं आणि जुलाब थांबल्यावर ४८ तासांनी कामावर यायचं. पगार कापला जाणार असेल तर कुणी सांगणार नाही, हे व्यवस्थापनाने लक्षात ठेवावं. सगळ्या कर्मचाऱ्यांची शी तपासण्याची घाई करू नका. हात आणि वस्तू सुधारूनही साथ थांबली नाही, किंवा यादीत एकच पाळी पुन्हा पुन्हा दिसली, तर तो विचार.

वस्तू आणि जंतुनाशकं

फिनेलसारखी फिनॉलयुक्त जंतुनाशकं बाळाचा पाळणा, इनक्युबेटर, गादी यांना लावू नका. ती पुरेशी पातळ न करता वापरल्याने नवजातांची कावीळ वाढल्याचं पूर्वीच दिसलेलं आहे.

आधी साबण-पाण्याने घाण काढा, मग जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं क्लोरीन घाणीशीच लढून संपतं. पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का आणि शी सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्का द्रावण. बाटलीत ५ टक्के क्लोरीन असेल तर ०.५ टक्क्यासाठी एक भाग द्रावण आणि नऊ भाग पाणी, ०.१ टक्क्यासाठी एक भाग द्रावण आणि ४९ भाग पाणी. रोज ताजं करा, दहा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसा. इतर कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका. इनक्युबेटर बाळ बाहेर काढून, सुटे भाग वेगळे करून, कंपनीने सांगितलेल्या द्रावणानेच. वास पूर्ण गेल्याशिवाय बाळ आत नाही.

यादीतून हमखास सुटणाऱ्या वस्तू : वजनकाट्याचं तबक, फोटोथेरपीच्या डोळ्यांच्या पट्ट्या, ऑक्सिमीटरची वायर, सक्शनची बाटली, अंबू बॅगचा मास्क, ब्रेस्ट पंपचे सुटे भाग, मोबाइल, आणि ते पेन. वजनकाट्यावर प्रत्येक बाळासाठी नवा कागद, आणि दोन बाळांच्या मध्ये तबक पुसायचं. ताप काखेतच बघायचा.

फॉगिंगबद्दल एक स्पष्ट मत. धूर सोडला की काहीतरी मोठं केल्यासारखं वाटतं आणि बाहेरच्यांना दिसतंही. पण हे जंतू हवेतून फिरत नाहीत. तेवढा वेळ हातांनी पुसण्याला द्या.

दूध

वरच्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते, डबा बंद असला तरी. २००१ साली अमेरिकेतल्या टेनेसीत एका अतिदक्षता कक्षातल्या बाळाचा क्रोनोबॅक्टर या जंतूमुळे झालेल्या मेंदूज्वराने मृत्यू झाला आणि त्याचा माग पावडरच्या दुधापर्यंत पोचला. म्हणून शक्य तिथे आईचं दूध. पावडर लागलीच तर उकळून ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवा, भांडं गार पाण्यात धरून कोमट करा, लगेच पाजा. दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्या. साठवायचंच असेल तर ५ अंशांखाली, २४ तासांपर्यंत.

बाटली आणि बोंडलं नको, वाटी-चमचा बरा; तो घासून उकळता येतो. साथ सुरू असताना दूध तयार करणारी व्यक्ती डायपर बदलणारी नसावी. पंपाचे भाग प्रत्येक आईचे वेगळे, धुऊन पूर्ण वाळवलेले.

यादी वाचायची कशी

एक मोठा कागद, प्रत्येक बाळाला एक ओळ : जन्माची तारीख, प्रसूतीचा प्रकार, खाट, दूध कोणतं, पाळीवार सिस्टर, जुलाब कधी सुरू झाले, आईला जुलाब होते का, कुठली प्रक्रिया झाली. निरोगी बाळंही याच कागदावर. ती नसतील तर तुलना कशाशी करणार?

सगळी बाळं एक-दोन दिवसांत एकदम आजारी पडली असतील तर एकच सामाईक उगम शोधा : दुधाची एक खेप, एक द्रावण, एक उपकरण. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक केस येत असेल, तर हातांवरून चाललं आहे असं समजा. आजारी बाळं शेजारच्या खाटांवर आहेत की विखुरलेली? विखुरलेली असतील तर खोलीभर फिरणारी वस्तू कोणती, ते विचारा. बऱ्याचदा उत्तर वजनकाटा असतं. अंगावर पिणारी आणि आईजवळ असलेली बाळं वाचली असतील, तर दूध आणि खोली या दोन्हींवर संशय ठेवा.

पालकांशी

लपवू नका. कॉरिडॉरमध्ये बातमी तासाभरात फिरते. ‘कक्षात काही बाळांना जुलाब आहेत, तुमच्या बाळाला सध्या नाहीत, आम्ही हे-हे करतोय’ इतकं सरळ सांगा. निरोगी बाळांना लवकर घरी सोडणं चांगलं, पण हातात कागद देऊन : डायपरनंतर हात धुणं, आणि बाळ दूध घेईना, गार किंवा गरम लागलं, लघवी कमी झाली, शीत रक्त आलं, तर लगेच यायचं, आणि दारातच सांगायचं की ‘आम्ही त्या कक्षात होतो’. घरी गेलेल्या बाळांना दोन आठवडे फोन करत राहा. साथीतल्या काही केस घरीच उगवतात. आईला प्रसूतीच्या सुमारास जुलाब असतील तर तिचीही शी तपासा. तिने पाजणं थांबवायचं कारण नाही, हात धुतले की झालं.

कक्ष उघडायचा कधी

जंतू कळला असेल तर त्याच्या अधिशयन काळाच्या (जंतू अंगात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाच्या) दुप्पट दिवस नवी केस नको. शिगेलाला हा काळ साधारण एक ते तीन दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गटातली बाळं घरी गेलेली हवीत, खोली रिकामी करून पूर्ण धुतलेली हवी. एखादं बाळ घरी जाण्याजोगं नसेल तर ते वेगळ्या खोलीतच राहील, खोली मात्र उघडता येईल.

साल्मोनेलाचं गणित वेगळं आहे. लहान बाळं तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने शीतून टाकत राहतात. असं बाळ दुसऱ्या कारणाने पुन्हा भरती झालं तर पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवायचं, आणि हे केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं असायला हवं, कारण तेव्हा ड्यूटीवर कुणी दुसरंच असेल. कक्ष उघडल्यावर पहिला महिनाभर रोज सकाळी सगळ्या बाळांच्या शीची नोंद एकाच कागदावर, एकाच माणसाने वाचायची.